धर्मानंद कोसंबी : सोडलेला पगार आणि मागे राहिलेलं घर

आपल्या विहारांत, धम्म शिबिरांत आणि वस्तीतल्या लहानशा ग्रंथालयांत धर्मानंद कोसंबी हे नाव बहुधा पुस्तकाच्या पाठीवर भेटतं. 'भगवान बुद्ध' हे त्यांचं पुस्तक अनेकांनी वाचलेलं असतं, निदान हाताळलेलं असतं. त्या माणसाचं आयुष्य मात्र फारसं कुणी सांगत नाही. याची कारणं आपल्याला ठाऊक आहेत. कोसंबी जन्माने सारस्वत ब्राह्मण, पुढे गांधींच्या जवळ गेलेले, मिठाच्या सत्याग्रहात उतरलेले. त्यामुळे आपल्यातले काही जण त्यांना पालीचे पंडित म्हणून मान देतात आणि तेवढ्यावर थांबतात.

आम्हाला आज त्यांच्याविषयी लिहावंसं वाटलं, त्याचं कारण पंडिताईत नाही. आपल्या पोरापोरींशी बोलताना दोन तक्रारी सारख्या कानावर येतात. पहिली, नोकरी लागलेल्यांची. घरातला पहिला पदवीधर, पहिला अधिकारी, पुण्यात किंवा बंगळूरला चांगलं पॅकेज. आईवडिलांचे कष्ट फळाला आले, पण रविवारी दुपारी फ्लॅटवर एकटं बसलं की हे सगळं कशासाठी केलं, असं वाटत राहतं. दुसरी तक्रार पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या घरातून येते, आणि ती बहुतेक वेळा कार्यकर्ता करत नाही, त्याची बायको करते. समाजासाठी याच्याकडे वेळच वेळ आहे, पोराच्या शाळेत यायला मात्र नाही. कोसंबींच्या आयुष्यात ही दोन्ही टोकं आहेत. एका ठिकाणी ते आपल्या बहुतेकांपेक्षा शहाणे निघाले. दुसऱ्या ठिकाणी त्यांनी जी चूक केली, तिची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागली.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी त्यांचा जन्म झाला. शाळा जेमतेम झाली. तब्येत किरकोळ, घरी नारळाची बाग, आणि ती सांभाळण्याचं काम यांच्याकडे. पंधराव्या वर्षाच्या आसपास बाळाबाईंशी लग्न लावून देण्यात आलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दोघांनाही कुणी विचारलं नसणार. तरुणपणी मन सतत उदास असायचं आणि घर सोडून जावं असं वाटायचं, हे त्यांनी पुढे 'निवेदन' या आत्मकथेत मोकळेपणाने लिहिलं. आत्मकथेत स्वतःचा दुबळेपणा इतका उघड करणारे लेखक त्या काळी मराठीत थोडेच होते.

१८९७ च्या सुमारास 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धावरचा एक लेख वाचला. लेख साधा, मुलांसाठी लिहिलेला. पण या माणसाचं जगणंच त्याने फिरवलं. पुढे दहा वर्षांनी, १९०७ साली, मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांच्या हाती कृष्णराव अर्जुन केळुस्करांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र ठेवलं. दोघांनाही बुद्ध पहिल्यांदा भेटला तो मराठी छापील पानावर. आपल्याकडे पुस्तकं वाटणाऱ्या आणि ग्रंथालय चालवणाऱ्या साथींनी हे कधीकधी आठवायला हरकत नाही.

वडील वारले. १८९९ मध्ये मुलगी झाली, माणिक. त्याच वर्षाच्या अखेरीला धर्मानंदांनी घर सोडलं. खिशात पैसा नाही, इंग्रजी नाही, संस्कृत नाही. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा, एवढी एकच गोष्ट डोक्यात. बाळाबाई आणि तान्ही मुलगी गोव्यातच राहिल्या.

पुढची सात वर्षं एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहेत. आधी पुणं, तिथे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट. मग ग्वाल्हेर, काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बौद्ध धर्म जिवंत पाहायला मिळेल म्हणून नेपाळ गाठलं आणि निराश होऊन परतले. बोधगया, कलकत्ता, तिथून समुद्रमार्गे सिलोन. १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली ते श्रामणेर झाले आणि पाली शिकू लागले. तिथलं अन्न मानवलं नाही, प्रकृती ढासळली. मग ब्रह्मदेशात जाऊन ध्यान आणि अभ्यास, परत येऊन सारनाथ, कुशीनगर. यातला बराचसा प्रवास पायी किंवा दुसऱ्याच्या मदतीवर झाला. धम्म सहलीची बस उशिरा आली तरी कुरकुरणाऱ्या आमच्यासारख्यांनी 'निवेदन' एकदा वाचावंच.

१९०६ मध्ये ते कलकत्त्यात होते. चीवर उतरवलेलं होतं आणि पाली शिकवण्याचं काम मिळालं होतं, आधी तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयात, मग विद्यापीठात. सात वर्षांपूर्वी अन्नछत्रात रांगेला उभा राहणारा माणूस आता विद्यापीठात शिकवत होता. त्याच वर्षी ते गोव्याला गेले आणि बाळाबाईंना कलकत्त्याला घेऊन आले. मुलगी तोवर सात वर्षांची झाली होती. ३१ जुलै १९०७ रोजी मुलगा झाला, दामोदर. पुढे जगाने डी. डी. कोसंबी म्हणून ओळखलेले गणितज्ञ आणि इतिहासकार ते हेच.

इथे या कहाणीतला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग येतो.

कलकत्ता विद्यापीठातली नोकरी चांगली होती, मान होता, पगार वाढत जाणार होता. पण कोसंबींच्या मनात होतं की पाली शिकवायची तर आपल्या लोकांत जाऊन, आणि बुद्धाविषयी लिहायचं तर मराठीत. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात कुठेही राहावं आणि वर्षाला एक पुस्तक बडोदे संस्थानासाठी लिहावं. कलकत्त्यात मिळणाऱ्या पैशांपुढे ही रक्कम कितीतरी कमी होती. कोसंबींनी ती घेतली.

ज्याला पैशाची गरजच नाही अशा माणसाने पगार सोडला तर त्यात मोठं काही नाही. कोसंबींवर बायको आणि दोन मुलांची जबाबदारी होती, वडिलोपार्जित संपत्ती म्हणावी अशी नव्हती. तरीही त्यांनी हिशेब मांडला तो पगाराचा आकडा बाजूला ठेवून. आपल्याला नेमकं कोणतं काम करायचं आहे, ते कोणत्या भाषेत आणि कुणासाठी, हे त्यांना ठाऊक होतं. ते ठाऊक असलं की पन्नास रुपये पुरतात की नाही हा प्रश्न व्यवहाराचा उरतो, त्यात अपमान वाटत नाही. आज आपल्यातले कितीतरी हुशार तरुण एका नोकरीतून दुसरीत उड्या मारतात, प्रत्येक उडीला पगार वाढतो आणि समाधान होतं तिथेच राहतं. उडी मारताना आपण कशापासून दूर चाललो आणि कुठे निघालो, हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

त्या पन्नास रुपयांतून आपल्याला काय मिळालं ते पाहा. बडोद्यातल्या व्याख्यानांवरून १९१० साली 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक आलं. त्यानंतर १९१४ मध्ये 'बुद्धलीलासारसंग्रह'. मूळ पाली वाचून साध्या मराठीत बुद्ध सांगणारी ही सुरुवातीची पुस्तकं आहेत. याच सयाजीरावांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली, हे आपण विसरत नाही. तसंच त्यांनी धर्मानंदांना दिलेले पन्नास रुपयेही विसरू नयेत.

आता यशाची दुसरी बाजू. १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचं बोलावणं आलं. बुद्धघोषाचा 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकी अभ्यासकाने संपादायला घेतला होता, पण १८९९ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि काम अर्धवट राहिलं. ते पुरं करायला कोसंबी गेले. ज्यांची गावातली शाळाही नीट झाली नव्हती, ते हार्वर्डला पालीचे जाणकार म्हणून पोचले. तिथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयावरून खटका उडाला. केलेल्या कामावर आपलं नाव असावं, एवढी साधी मागणी होती. ती मान्य होईना, तेव्हा १९१२ मध्ये ते काम तिथेच सोडून परत आले.

हार्वर्ड सोडून आलेल्या माणसाने पुढे काय केलं? पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात सहा वर्षं पाली शिकवली. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत असे विद्यार्थी तिथे तयार झाले. महाराष्ट्रात आज विद्यापीठांतून जी पाली शिकवली जाते, तिचं मूळ या वर्गात आहे. विद्यापीठाच्या पाली विभागात प्रवेश घेणाऱ्या आपल्या मुलामुलींची वाट त्या सहा वर्षांनी खुली केली. हार्वर्डच्या नावापुढे फर्ग्युसनचा वर्ग लहान दिसतो, पण आमच्या मते त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत फळलेलं काम तेच.

हार्वर्डला ते पुन्हा गेले. १९१८ ते १९२२, मग १९२६-२७, आणि १९३१-३२. मधल्या काळात अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात शिकवलं, १९२९ मध्ये रशियात लेनिनग्राडला जाऊन आले, १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. १९१८ च्या फेरीत त्यांनी माणिक आणि दामोदरला बरोबर नेलं. माणिक रॅडक्लिफ महाविद्यालयात शिकली, दामोदर केंब्रिजच्या शाळेत आणि नंतर हार्वर्डला. शंभर वर्षांपूर्वी मुलीला अमेरिकेत शिकायला नेणारा बाप, ही गोष्ट लहान नाही. मुलगा आणि मुलगी यांत त्यांनी भेद केला नाही, आणि मुलांना आपल्याच वाटेने चालायला लावलं नाही. दामोदर गणिताकडे गेले, मार्क्सवादी झाले. प्राचीन भारताचा इतिहास त्यांनी ज्या पद्धतीने लिहिला, तो वडिलांनी लिहिला नसता. पण संस्कृत आणि पाली ग्रंथांशी घरातच झालेली ओळख नसती, तर तो इतिहास दामोदरांनाही लिहिता आला नसता.

बाळाबाई मात्र इथेच राहिल्या.

'निवेदन' वाचताना त्या दिसतात कमी, जाणवतात जास्त. नवरा घर सोडून निघून गेलेला, तो परत येणार की भिक्षू म्हणूनच राहणार याची खात्री नाही, कडेवर तान्ही मुलगी, आणि काळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा, गाव गोव्यातलं. सात वर्षं अशी काढल्यावर तो परत आला, पुन्हा संसार सुरू झाला, आणि पुन्हा वर्षानुवर्षांचे प्रवास. त्यांची नात, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी, यांनी 'निवेदन' इंग्रजीत आणलं, आजोबांचं मोठेपण जपलं, आणि आजीने काय सोसलं तेही झाकलं नाही. घरातल्या माणसाने असं लिहिणं अवघड असतं. चळवळीतल्या थोरांची चरित्रं लिहिणाऱ्या आपल्या लेखकांनी मीराताईंचा हा गुण घ्यावा असं आम्हाला वाटतं. रमाईच्या सोसण्यावर आपण गाणी रचतो, जयंतीला हार घालतो, आणि स्वतःच्या घरातल्या रमाईला मीटिंगहून रात्री बारा वाजता परतून जेवण गरम करायला लावतो.

या जागी एक वळण आहे, आणि ते आम्हाला कोसंबींच्या पंडिताईपेक्षाही जास्त विचार करायला लावतं. पुढे 'भगवान बुद्ध' लिहिताना त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची प्रचलित कथा नाकारली. मध्यरात्री झोपलेल्या बायकोमुलाकडे एकदा पाहून, कुणाला न सांगता घोड्यावर बसून निघून जाणारा राजपुत्र त्यांना पाली सुत्तांत सापडला नाही. त्यांनी मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसन सुत्ताकडे बोट दाखवलं. तिथे तरुण गोतम आईवडिलांच्या डोळ्यांदेखत, ते रडत असताना घर सोडतो. म्हणजे सगळ्यांना ठाऊक असताना, उघडपणे. रोगी, म्हातारा आणि प्रेत पाहून एकाएकी वैराग्य आल्याची कथाही त्यांना पटली नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणीच्या पाण्याच्या भांडणाचा धागा त्यांनी पुढे आणला आणि शेवटच्या काळात त्यावर 'बोधिसत्त्व' हे नाटकही लिहिलं.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा धागा आपल्याला भेटतो. तिथे तर सिद्धार्थ यशोधरेशी बोलतो, आणि ती त्याला अडवत नाही, त्याचा निर्णय समजून घेऊन साथ देते. गृहत्याग हा दोघांचा निर्णय होतो. आपण हा प्रसंग वंदनेइतक्या श्रद्धेने वाचतो, पण त्यातली घरगुती गोष्ट बहुतेक वेळा निसटते: मोठं काम हाती घेणाऱ्याने ते आधी घरात बोलून दाखवलं पाहिजे.

तरुणपणी स्वतः घर सोडून गेलेल्या माणसाने साठी ओलांडल्यावर असं लिहावं, की बुद्ध कुणालाही न सांगता गेला नव्हता. यामागे पाली ग्रंथांचा पुरावा होताच. पण सुत्त पुन्हा पुन्हा वाचताना स्वतःचं १८९९ साल त्यांच्या डोळ्यांपुढे आलंच नसेल, असं आम्हाला वाटत नाही. हा आमचा अंदाज आहे, वाचकांनी तो अंदाज म्हणूनच घ्यावा.

गृहस्थांच्या बाबतीत बुद्धाची शिकवण इतकी साधी आहे की आपण ती मंगल परिणयात एकदा ऐकतो आणि विसरतो. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात नवऱ्याने बायकोशी कसं वागावं याची पाच कलमं आहेत. तिचा मान राखावा, तिला कमी लेखू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावं, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा, आणि तिला दागदागिने घ्यावेत. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कलमं चळवळीतल्या किती घरांत पाळली जातात, हे ज्याने त्याने पाहावं. त्याच सुत्तात मित्र कसा ओळखावा हेही आहे, आणि कार्यालयातले सहकारी म्हणजेच मित्र असं समजणाऱ्या आपल्या नोकरदार साथींनी तो भाग जरूर वाचावा.

१९३७ साली कोसंबींनी मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार सुरू केला. साठीचे झाले होते, चार वेळा अमेरिका पाहून झाली होती, कुठल्याही विद्यापीठात मानाने बसता आलं असतं. गिरण्यांच्या भोंग्यांत, अस्पृश्य म्हणून बाजूला ठेवलेल्या माणसांमध्ये त्यांनी बुद्ध सांगायला घेतला. नाशिकच्या मुक्तिभूमीवर, येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा करून तेव्हा दोनही वर्षं झाली नव्हती. विहाराला पैसा बिर्लांचा होता, हे आपल्यातल्या अनेकांना खटकतं, आणि खटकण्यासारखं आहेही. पण परळच्या त्या विहारात बसणारा माणूस स्वतः कफल्लक होता, हेही खरं.

शेवटाविषयी आम्ही हात राखून लिहितो आहोत. सत्तरीत प्रकृती पार बिघडली. आपला आता कुणाला उपयोग नाही आणि सेवा करून घेत जगायचं नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. जैन परंपरेतल्या पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर शेवटी फार प्रभाव होता, त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. अन्न सोडायचा त्यांनी आधी एकदा प्रयत्न केला होता, तो गांधींच्या सांगण्यावरून थांबवला. नंतर सेवाग्रामला त्यांनी पुन्हा अन्न सोडलं आणि ४ जून १९४७ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. काहींना यात मोठी साधना दिसते. आम्हाला ते पटत नाही. माणसाचं मोल तो उपयोगी आहे तोवरच, ही समजूत ज्या माणसाने पगाराच्या बाबतीत इतक्या सहज झुगारली, ती त्याला म्हातारपणी स्वतःच्या शरीराच्या बाबतीत का झुगारता आली नाही, हा प्रश्न आम्हाला सतावतो. नोकरी सुटलेल्या, परीक्षेत अडकलेल्या, आजारपणाने अंथरुणाला खिळलेल्या आपल्या कुठल्याही साथीच्या मनात हा विचार डोकावला, तर त्याने आधी आपल्या माणसांना सांगावं आणि डॉक्टरला गाठावं. आणि आपण त्याचं ऐकून घ्यायला घरी असावं.

ज्या कामावर नाव असावं म्हणून १९१२ मध्ये ते हार्वर्डहून परतले होते, तो 'विसुद्धिमग्ग' त्यांनी स्वतः देवनागरीत संपादून १९४० साली मुंबईत भारतीय विद्या भवनातर्फे काढला. हार्वर्डची प्रत १९५० मध्ये छापून बाहेर पडली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. संपादक म्हणून वॉरन यांचं नाव, आणि त्याखाली संस्करण करणारे म्हणून धर्मानंद कोसंबी.